शस्त्र आधी, फौज नंतर: अ‍ॅटिकाचा शेतकरी, इ.स.पू. ५९४ ते ४९०

अर्गोस येथील एका थडग्यात कांशाचे छातीकवच आणि शिरस्त्राण सापडले आहे. त्याचा काळ इ.स.पू. आठव्या शतकाचा शेवट. कोरिंथच्या कारागिराने इ.स.पू. ६५० च्या आगेमागे रंगवलेला आणि इटलीत व्हेइईजवळ मिळालेला एक कलश आहे. त्यावर गोल ढाली पुढे धरून एकमेकांवर चालून जाणाऱ्या रांगा दिसतात, आणि मध्ये पावलांना ताल देणारा दुहेरी पाव्याचा वादक. म्हणजे हॉप्लाइट या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या जड पायदळाचे सगळे सामान इ.स.पू. सातव्या शतकाच्या मध्याला ग्रीसमध्ये तयार होते.

तरी अथेन्सच्या पायदळाने बलाढ्य शेजाऱ्यांना उघड्या मैदानात लोळवल्याची पहिली मोठी नोंद इ.स.पू. ५०६ ची आहे. मधली जवळजवळ दीडशे वर्षे ही फौज कुठे होती? सालामिस बेटासाठी मेगारासारख्या लहान नगराशी अथेन्सचे भांडण इतके रेंगाळले, की तो विषय पुन्हा काढणाऱ्याला देहदंड असा ठराव लोकांनी केल्याचे नंतरचा ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. इ.स.पू. ५४६ मध्ये अथेन्सची सत्ता बळकावायला पिसिस्ट्रॅटस अ‍ॅटिकातल्या पॅलेनीजवळ चालून आला, तेव्हा अथेन्सचे लोक दुपारचे जेवून काही फासे खेळत होते, काही झोपले होते. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराची ही नोंद आहे. ते पळाल्यावर पिसिस्ट्रॅटसने आपल्या मुलांना घोड्यावरून मागे पाठवले आणि निरोप दिला: भिऊ नका, आपापल्या घरी जा. लोक खरोखर गेले. छप्पन्न वर्षांनी याच लोकांचे मुलगे आणि नातू मॅरेथॉनच्या मैदानात इराणी सैन्यावर धावून गेले.

ढाल हातात आल्याने शेतकरी सैनिक झाला आणि सैनिक झाल्याने नागरिक झाला, असे सरधोपट उत्तर नेहमी दिले जाते. अ‍ॅटिकाचे, म्हणजे अथेन्सच्या भोवतालच्या प्रदेशाचे, प्रकरण बारकाईने पाहिले तर क्रम उलटा लागतो. आधी शेतकऱ्याचे शरीर आणि बांध सुरक्षित झाले, मग त्याची गावात नोंद झाली, आणि त्या नोंदीतून फौज उभी राहिली.

जमिनीचा हिशोब

अ‍ॅटिका म्हणजे साधारण २,४०० चौरस किलोमीटरचा डोंगराळ तुकडा. चुनखडीची पातळ माती, आणि अथेन्सच्या बाजूला वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही हिवाळ्यात. गव्हाला निदान ३०० मिलिमीटर लागतो, जवाला २०० पुरतो. आजच्या पर्जन्यनोंदींवरून केलेला अंदाज असा, की इथे गहू साधारण चार वर्षांतून एकदा हातचा जातो आणि जव वीस वर्षांतून एकदा. म्हणून अ‍ॅटिकाच्या ताटात मुख्यतः जवच होते.

पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कृत्तिका पहाटे मावळू लागल्या की. जवाची कापणी मे महिन्यात, गव्हाची जूनमध्ये, मळणी जून-जुलैत. द्राक्षतोडणी सप्टेंबरात, आणि ऑलिव्ह नोव्हेंबरपासून पुढे. रान एक वर्ष पेरायचे, एक वर्ष पड ठेवायचे. पण पड म्हणजे आराम नव्हे. वसंतात, उन्हाळ्यात आणि पेरणीपूर्वी अशी तीनदा नांगरट केली तरच तण मरते आणि ओल टिकते. शेजारच्या बिओशियातला हेसिअड हा कवी साधारण इ.स.पू. ७०० चा. तो सांगतो, घरात दोन नांगर तयार ठेव, एक मोडला तर दुसरा जुंपता येईल. इसाड लॉरेलचे किंवा एल्मचे, फाळाचे खोड ओकचे, बैल नऊ वर्षांचे. ही यादी करणारा माणूस श्रीमंत नाही, पण कुणाचा गडीही नाही. गावच्या पुढाऱ्यांना तो 'लाच खाणारे' म्हणतो. सैन्याचा विषयच नाही, तरी पुढे जो वर्ग रणांगणात दिसतो त्याचा पहिला आवाज इथे ऐकू येतो.

आता एका घराचा हिशोब मांडू. अभिजात काळातले मध्यम शेत साधारण ४५ ते ६० प्लेथ्रॉन, म्हणजे ४ ते साडेपाच हेक्टर. आपण ५ हेक्टर धरू. त्यातले अर्धे पड, अर्धा हेक्टर द्राक्ष, ऑलिव्ह आणि अंजिराला. पेरणीला उरतात २ हेक्टर, फार तर सव्वादोन. हेक्टरी ७०० किलो जव धरला, तर उत्पन्न साधारण १,५०० किलो. त्यातले २५० किलो बियाण्याला बाजूला. उरले १,२५० किलो.

ग्रीक माप मेदिम्नोसचे. एक मेदिम्नोस सुमारे ५२ लिटरचा, जवाचे त्याचे वजन सुमारे ३३ किलो. म्हणजे घरात आले ३८ मेदिम्नोस. मोठ्या माणसाचा रोजचा शिधा एक खोइनिक्स, मेदिम्नोसचा अठ्ठेचाळिसावा भाग. वर्षाला साडेसात मेदिम्नोसांहून थोडे अधिक. नवरा, बायको, म्हातारी आई, दोन मुले आणि एक कामाचा माणूस मिळून ३४ मेदिम्नोस सहज लागतात. चांगल्या वर्षी हाती चार मेदिम्नोस शिल्लक. त्यातून मीठ, मातीची भांडी, लोखंड, देवाचे, आणि बैल मेला तर बैल.

या घराला उंदीर लागले, एक पाऊस चुकला किंवा दोन मुलगे झाले, तरी गणित कोसळते. मुलग्यांत वाटणी समान होई. पाच हेक्टरचे अडीच-अडीच झाले की दोघांपैकी कुणाचेच घर शेतावर चालत नाही.

शेतातले दगड

इ.स.पू. ६०० च्या सुमाराला अ‍ॅटिकात 'हेक्टेमोरोइ' नावाचे लोक होते, शब्दशः 'सहाव्या हिश्शाचे'. ते पिकाचा सहावा भाग देत की सहावा भाग ठेवत, यावर वाद आहे. पाच हिस्से देऊन कुणी कुटुंब जगवू शकत नाही, म्हणून पहिला अर्थच पटतो. वरच्या हिशोबात एकूण पिकाचा सहावा हिस्सा म्हणजे पुन्हा २५० किलो वजा करा. उरतात १,००० किलो, म्हणजे ३० मेदिम्नोस. गरज ३४ ची. दरवर्षी दीड महिन्याचे धान्य कमी. ते मोठ्या जमीनदाराच्या कणगीतूनच येणार, आणि तारण म्हणून उरलेले असते फक्त अंग.

शरीर गहाण ठेवून घेतलेले कर्ज फिटले नाही तर कर्जदार, त्याची बायको आणि मुले गुलाम होत. कित्येकांना परदेशी विकले गेले. जमिनीवर हक्क दाखवणारे दगड, 'होरोइ', शेताशेतांत उभे होते.

इथेच फौजेच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. ज्याच्या शेतात सावकाराचा दगड रोवलेला आहे, तो माणूस ढाल घेऊन कुणाच्या शेजारी उभा राहील? त्याची ढाल हीच पहिली विकली किंवा गहाण पडली असणार. रांगेत त्याच्या डावीकडे उभा राहणारा त्याचा धनको असेल, तर ती रांग टिकायची कशी?

सोलोनने काय केले, काय केले नाही

इ.स.पू. ५९४ मध्ये सोलोन आर्कोन, म्हणजे अथेन्सचा मुख्य अधिकारी, झाला, दोन्ही बाजूंच्या संमतीने नेमलेला मध्यस्थ म्हणून. त्याच्या उपायाला 'सेइसाख्थेइया' म्हणतात, 'ओझे झटकणे'. चालू कर्जे रद्द झाली, आणि यापुढे माणसाचे शरीर तारण घेणे कायमचे बंद झाले. हक्काचे दगड उपटले गेले. आपल्या कवितेत तो काळ्या मातीलाच साक्षीला बोलावतो: पूर्वी ती दासी होती, आता मोकळी आहे. परदेशी विकलेल्यांना परत आणले. त्यांतले काही इतकी वर्षे भटकले होते की अ‍ॅटिकाची बोली विसरले होते.

जमिनीचे फेरवाटप मात्र त्याने केले नाही. लोकांना ते हवे होते आणि तो स्पष्ट नाही म्हणाला. म्हणजे ५ हेक्टरवाला ५ हेक्टरवरच राहिला, पण सहावा हिस्सा द्यावा लागला नाही आणि मूल विकले जाण्याची भीती गेली. वरचे गणित पुन्हा चार मेदिम्नोस शिलकीवर आले. वाचायला ही सुधारणा लहान वाटते. पोटासाठी ती निर्णायक होती.

त्याचे बारीक नियम मोठ्या घोषणांपेक्षा जास्त बोलतात. शेजाऱ्याच्या हद्दीपासून झाड पाच फूट आत लावायचे. ऑलिव्ह आणि अंजीर नऊ फूट, कारण त्यांची मुळे लांब धावतात आणि शेजारच्या झाडांचे पोषण ओढतात. खड्डा किंवा चर खणायचा तर जितका खोल तितका हद्दीपासून दूर. मधमाश्यांची पोळी आधीच्या माणसाच्या पोळ्यांपासून ३०० फुटांवर. सार्वजनिक विहीर चार स्टेडियम, म्हणजे सुमारे पाऊण किलोमीटर अंतरात असेल तर तीच वापरायची, नाहीतर स्वतःची खणायची. दहा पुरुष खोल जाऊनही पाणी लागले नाही, तर शेजाऱ्याच्या विहिरीवरून दिवसातून दोनदा ठरलेल्या मापाचा घडा भरून नेण्याचा हक्क. शेतमालातून फक्त ऑलिव्ह तेल बाहेर पाठवायला परवानगी.

या नियमांना पुष्कळदा किरकोळ म्हणून बाजूला ठेवतात. ते चूक आहे. बांधाचे, पाण्याचे, झाडाच्या सावलीचे भांडण ज्या गावात मिटत नाही, त्या गावातले दोघे खांद्याला खांदा लावत नाहीत. नगरराज्य, ग्रीकांचे 'पोलिस', देवळे आणि चौक यांच्या आधी बांधावर उभे राहते. शिवाय हे नियम लिहून, फिरत्या लाकडी चौकटींवर लावून, सर्वांसमोर ठेवले होते. अन्याय झालेल्याच्या वतीने कुणीही दाद मागू शके, आणि अधिकाऱ्याच्या निकालावर लोकन्यायालयात अपील करता येई.

दोनशे मापे

सोलोनने नागरिकांचे चार वर्ग केले, जन्मावरून नव्हे, वार्षिक उत्पन्नावरून. ५०० मापांचा वर्ग सर्वांत वर. ३०० वाले 'हिप्पेइस', घोडेस्वार. २०० वाले 'झ्यूगिटाइ', जूवाले. बाकी सारे 'थेटेस'. वरची पदे वरच्या वर्गांना, थेटेसना लोकसभा आणि न्यायालय. जूवाले हे नाव बैलजोडीवरून आले की रांगेत जुंपल्यासारखे उभे राहण्यावरून, याचा निकाल लागलेला नाही.

शालेय पुस्तकांत झ्यूगिटाइ म्हणजेच हॉप्लाइट, मध्यम शेतकरी, असे थेट समीकरण असते. आकडे ते मान्य करत नाहीत. २०० मेदिम्नोस जव म्हणजे ६,६०० किलो, पाच-सहा कुटुंबांचे वर्षाचे अन्न. हेक्टरी ७०० किलोने साडेनऊ हेक्टर पेरणी, पड धरून १९ हेक्टर. मोजताना धान्याबरोबर तेल आणि द्राक्षरसाचीही मापे धरत, त्यामुळे लागणारी जमीन काहीशी कमी होते. तरी आपला ५ हेक्टरवाला त्या उंबरठ्याच्या आसपासही पोहोचत नाही.

उलट बाजूने पाहू. मॅरेथॉनला अथेन्सचे सुमारे ९,००० हॉप्लाइट होते असे नंतरचे लेखक सांगतात. प्रत्येकाकडे २०० मापे असती, तर एकूण १८ लाख मापे झाली. अ‍ॅटिकातल्या एलेउसिसच्या देवळाला पिकाचा ठरलेला अंश मिळे. इ.स.पू. ३२९ च्या तिथल्या हिशोबाच्या शिलालेखावरून अ‍ॅटिकाचे त्या वर्षीचे पीक सुमारे ३ लाख ४० हजार मेदिम्नोस जव आणि २७ हजार मेदिम्नोस गहू निघते. ते वर्ष वाईट होते असे मानून आकडा तिप्पट केला, तरी १८ लाख होत नाही.

निष्कर्ष टाळता येत नाही. मॅरेथॉनच्या रांगेत मोठ्या संख्येने असे लोक होते, जे मापाने थेटेसमध्ये मोडत होते पण ज्यांनी ढाल विकत घेतली होती. राजकीय वर्ग आणि लष्करी रांग एकमेकांवर नीट बसत नव्हत्या. ही फट पुढच्या शंभर वर्षांच्या अथेन्सला समजून घ्यायला फार उपयोगी पडते.

ढाल कशी चालते आणि किती पडते

हॉप्लाइटची ढाल सुमारे ९० सेंटिमीटर व्यासाची, खोलगट, लाकडाची, कडेला कांशाची पट्टी. वजन ६ ते ८ किलो. मधोमध रुंद कडे, त्यातून डावा हात कोपरापर्यंत घालायचा. कडेजवळ दोरीची किंवा कातड्याची मूठ. या दुहेरी पकडीने वजन मनगटावर न येता बाहूवर येते, आणि खोलगटपणामुळे काठ खांद्यावर टेकवून विसावता येते. पण ढालीचे केंद्र कोपराशी असल्याने तिचा डावा अर्धा भाग धारकाच्या पलीकडे जातो. एकट्यासाठी तो वाया. डावीकडे उभ्या माणसाच्या उघड्या उजव्या बाजूला मात्र तोच आडोसा.

भाला दोन ते अडीच मीटरचा, अ‍ॅश किंवा कॉर्नेलच्या लाकडाचा. पुढे लोखंडी पाते, मागे अणकुचीदार टोक. भाला मोडला तर उलटा फिरवून वापरायचा, एरवी जमिनीत रोवायचा. कोरिंथी शिरस्त्राण चेहरा झाकते आणि कानही. त्यात आज्ञा ऐकू येत नाही, बाजूचे दिसत नाही. त्यामुळे कुशल हालचाल करणारी फौज यातून होत नाही. सरळ पुढे जाणारी होते.

रांगा साधारणपणे आठ खोल. नेहमी होणारी चूक थ्युसिडिडिस या इतिहासकाराने इ.स.पू. ४१८ च्या मँटिनिआच्या लढाईत नेमकी टिपली आहे. प्रत्येक जण आपली उघडी बाजू उजवीकडच्याच्या ढालीखाली सरकवतो, आणि सगळी रांग चालता चालता उजवीकडे घसरते. सुरुवात सर्वांत उजव्या टोकाचा माणूस करतो, कारण त्याच्या उजवीकडे ढालच नसते. म्हणून तिथे सर्वांत खंबीर माणसे लागतात. दुसरी चूक पळण्याची. ढाल टाकल्याशिवाय जोरात पळता येत नाही, म्हणून 'ढाल टाकणारा' ही शिवी झाली. इ.स.पू. सातव्या शतकातल्या आर्किलोकसने आपली ढाल झुडपात टाकून जीव वाचवल्याचे कवितेत उघड सांगितले, ते म्हणूनच लोकांच्या लक्षात राहिले.

किंमत? सालामिसवर वसवलेल्या अथेन्सच्या लोकांविषयी इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरचा एक ठराव दगडावर आहे. प्रत्येकाने तीस द्राख्म्यांची (द्राख्मा हे ग्रीक चांदीचे चलन) शस्त्रे स्वतः आणावीत, असे त्यात म्हटले आहे. सोलोनच्या यज्ञदरांत एक मेंढी किंवा एक मेदिम्नोस धान्य म्हणजे एक द्राख्मा, आणि बैल पाच द्राख्मे असा सांगितलेला भाव आहे. त्या भावाने हत्यारांचा संच म्हणजे सहा बैल, किंवा आपल्या घराचे जवळजवळ वर्षभराचे धान्य. शंभर वर्षांत भाव चढले असणार, त्यामुळे शतकाअखेरीस हे ओझे त्याहून हलके होते. तरी वर्षाला चार मेदिम्नोस शिलकीच्या घराला ते एका हंगामात झेपत नाही. ढाल बापाची, भाला नवा, शिरस्त्राण लुटीतले, आणि छातीकवच कित्येकांकडे नाहीच, अशी तुकड्यातुकड्यांनी जमवाजमव दोन पिढ्या चालली असणार. शस्त्र आणि फौज यांच्यातले अंतर इथे पुन्हा दिसते. सलग दोन पिढ्या शिल्लक राहायला हवी होती, आणि ती सोलोननंतरच शक्य झाली.

पिसिस्ट्रॅटसची वर्षे

सोलोननंतर शांतता आली नाही. मैदानातले, किनाऱ्याचे आणि डोंगरापलीकडचे असे तीन गट भांडत राहिले आणि तिसऱ्याच्या बळावर पिसिस्ट्रॅटस हुकूमशहा झाला. दोनदा हाकलला गेला. इ.स.पू. ५४६ पासून ५२७ मध्ये मरेपर्यंत पक्का बसला.

शेतीच्या बाजूने हा काळ चांगला होता. त्याने गरजू शेतकऱ्यांना कर्ज दिले, खेड्यापाड्यांत फिरते न्यायाधीश पाठवले. अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेतला ग्रंथ सांगतो, की त्यामागे हेतू लोकांना शेतावर गुंतवून शहरापासून दूर ठेवण्याचा होता. पिकावर दशांश कर होता. हिमेटसच्या उतारावर नुसते दगड फोडणाऱ्या माणसाला त्याने विचारवले, यातून मिळते काय? उत्तर आले: दुखणी आणि वेदना, आणि त्यांचाही दहावा हिस्सा पिसिस्ट्रॅटसने न्यावा. त्या शेताचा कर माफ झाला. कथा रंगवलेली असेल, पण दहा टक्के कुठे टोचतात ते तिच्यात अचूक आहे.

त्याच वेळी लोकांची शस्त्रे गेली. एका परंपरेत पिसिस्ट्रॅटसने सभा बोलावली आणि मुद्दाम हळू बोलला. ऐकू येत नाही म्हणून लोक पुढे सरकले, आणि मागे ठेवलेली शस्त्रे त्याच्या माणसांनी उचलून कोठडीत लावली. थ्युसिडिडिस हेच काम इ.स.पू. ५१४ मध्ये मुलगा हिप्पिअस याने केल्याचे सांगतो. कुणाचेही खरे धरा, मुद्दा एकच. शेतकऱ्याकडे आता शिल्लक होती आणि ढालीही होत्या. नव्हता तो त्यांना एकत्र बोलावण्याचा, हुकूमशहाच्या हाताबाहेरचा मार्ग.

नोंदवही

तो मार्ग अथेन्सचा नेता क्लेइस्थेनिस याने, हुकूमशाही गेल्यावर, इ.स.पू. ५०८-७ मध्ये दिला. त्याआधी स्पार्टाचा राजा क्लिओमेनिस आला, ७०० कुटुंबे हद्दपार केली आणि क्लेइस्थेनिसचा प्रतिस्पर्धी इसागोरस याच्या हाती सत्ता देऊ लागला. लोकांनी अ‍ॅक्रोपोलिसला, म्हणजे शहराच्या टेकडीवरच्या गडाला, वेढा घातला. तिसऱ्या दिवशी स्पार्टावाले तह करून निघून गेले. या वेढ्याला सेनापती नव्हता. लोक आपण होऊन जमले.

मग रचना झाली. गाव किंवा वस्ती म्हणजे देमोस, पुढच्या नोंदींत १३९. ते ३० गटांत: दहा शहराकडचे, दहा किनाऱ्याचे, दहा आतल्या भागाचे. प्रत्येकातून एकेक गट घेऊन दहा जमाती. प्रत्येक जमातीतून ५० जण मिळून ५०० ची परिषद. अठराव्या वर्षी मुलगा गावाच्या यादीत चढे, आणि ती यादी गाव ठेवी.

राजकारणात याचा अर्थ पुष्कळ सांगितला जातो. लष्करी अर्थ कमी. दहा जमाती म्हणजे दहा पलटणी. इ.स.पू. ५०१ पासून दरवर्षी दहा सेनापती, जमातीमागे एक. एका पलटणीत डोंगरातला जव पिकवणारा, किनाऱ्याचा कोळी-शेतकरी आणि शहरालगतचा कारागीर एकत्र आले. जुन्या तीन गटांपैकी कुणाचीही स्वतंत्र फौज आता उभी राहू शकत नव्हती. कोण आला आणि कोण आला नाही, हे यादीवरून कळे, आणि न येणाऱ्याला गावातच तोंड दाखवायचे असे. पॅलेनीला झोपलेल्या जमावाकडे नेमके हेच नव्हते.

परिणाम दीड-दोन वर्षांत दिसला. इ.स.पू. ५०६ मध्ये बिओशिया आणि शेजारचे खाल्किस नगर या दोघांना अथेन्सने एकाच दिवशी हरवले. बिओशियाचे ७०० कैदी माणशी दोन मिना, म्हणजे २०० द्राख्मे खंडणीवर सोडले. त्यांच्या बेड्या अ‍ॅक्रोपोलिसवर टांगल्या गेल्या आणि हेरोडोटसने त्या पाहिल्या. खाल्किसच्या घोडेपाळ्या जमीनदारांच्या रानावर ४,००० अथेन्सवाल्यांना तुकडे दिले गेले. सोलोनने घरी नाकारलेले वाटप परक्याच्या शेतात झाले. ज्यांचे शेत गेले त्यांच्या बाजूने पाहिले, तर हीच शेतकऱ्यांची मुक्ती म्हणजे दगड उपटून दुसरीकडे रोवणे होते. सोलोनने अथेन्सवासीयाला गुलाम करणे बंद केल्यावर कामाला माणसे बाहेरून विकत येऊ लागली, हेही त्याच हिशोबातले.

मॅरेथॉन

इ.स.पू. ४९० च्या उन्हाळ्याअखेर दातिस आणि आर्टाफर्नेस हे इराणी सेनापती मॅरेथॉनला उतरले, बरोबर पिसिस्ट्रॅटसचा हाकललेला मुलगा, म्हातारा हिप्पिअस. खळी आटोपली होती, द्राक्षतोडणी अजून व्हायची होती. शेतकऱ्याला रान सोडता येते तो हाच काळ. अथेन्सपासून अंतर सुमारे ४० किलोमीटर. मदतीला प्लाटिआ या मित्रनगराचे सुमारे हजार आले. स्पार्टा पौर्णिमेसाठी थांबला.

दहा सेनापती लढावे की नाही यावर समसमान फुटले. त्यांपैकी एक, मिल्टिआडिस, याच्या सांगण्यावरून पोलेमार्क (युद्धाचा अधिकारी) कॅलिमाकसने लढाईच्या बाजूने मत दिले. त्यानंतरही काही दिवस दोन्ही सैन्ये समोरासमोर बसून होती. यादीने बांधलेली शेतकऱ्यांची फौज आठवडाभर शिस्तीत थांबू शकते, याचा हा पुरावा फारसा कुणी मोजत नाही.

इराणी आघाडीएवढी लांबी भरायची म्हणून मध्यभाग विरळ ठेवला, मोजक्याच रांगांचा. दोन्ही टोके जाड. हेरोडोटस आठ स्टेडियम, म्हणजे दीड किलोमीटर, धावल्याचे सांगतो. त्या ओझ्यासह एवढे पळून रांग शाबूत राहणे कठीण. बहुतेक अंतर झपझप चालत आणि बाणाच्या टप्प्यातले शेवटचे दोनेकशे मीटर धावत, असे मानणे आम्हाला योग्य वाटते. मध्यभाग फुटला. टोके जिंकली, आणि मग पाठलाग सोडून दोन्ही टोके आत वळली. जिंकता जिंकता थांबून वळणे, तेही कान झाकलेल्या शिरस्त्राणांत, ही या दिवसाची खरी करामत. सात जहाजे हाती लागली. इराण्यांचे ६,४०० मेले असे हेरोडोटस देतो, अथेन्सचे १९२. त्यांत कॅलिमाकस होता. उरलेली इराणी जहाजे सूनिओनच्या भूशिराला वळसा घालून अथेन्सकडे निघाली, तेव्हा फौज तशीच परत चालत गेली आणि आधी पोहोचली.

१९२ जणांना प्रथेप्रमाणे घरी नेले नाही, मैदानातच पुरले. त्यांच्यावरचा मातीचा ढीग आजही सुमारे नऊ मीटर उंच उभा आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनिअस हा ग्रीक प्रवासी तिथे गेला, तेव्हा मृतांची नावे जमातीनुसार कोरलेल्या शिळा होत्या. त्यांतली एरेख्थेइस जमातीची शिळा पेलोपोनेसमध्ये लूकू येथे सापडली आहे. तिच्यावर नुसती नावे आहेत, बापाचे नाव नाही, उत्पन्नाचा वर्ग नाही. आणि पॉसेनिअस आणखी एका ढिगाची नोंद करतो. तो प्लाटिआवाल्यांचा आणि गुलामांचा, कारण त्या दिवशी गुलामही पहिल्यांदा लढले होते.